संत सेव्हरिनस : ओस पडलेल्या चौकीतील पहारेकरी

दर वर्षी ८ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत सेव्हरिनस यांचे स्मरण करते. ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया या प्रदेशांत त्यांचे नाव घराघरांत परिचित आहे. नोरिकुमचे प्रेषित म्हणून त्यांचा तेथे गौरव होतो. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख फारशी नाही. ते बिशप नव्हते, त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही आणि विश्वासासाठी त्यांना रक्तही सांडावे लागले नाही. एक साम्राज्य डोळ्यांदेखत कोसळत असताना त्याच्या वेशीवर अडकलेल्या सामान्य माणसांना त्यांनी सांभाळले, एवढेच त्यांचे कार्य. परंतु हे ‘एवढेच’ किती मोठे होते, हे समजण्यासाठी प्रथम ती वेस पाहिली पाहिजे.

नदी, रस्ता आणि चौक्या

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा म्हणजे डॅन्यूब नदी. नदीच्या दक्षिण काठाने एक लष्करी रस्ता जात असे. त्या रस्त्यावर ठरावीक अंतरांवर मोठे किल्ले होते आणि दोन किल्ल्यांच्या मध्ये चौकोनी, दगडी टेहळणी बुरूज होते. अशा चौकीला लॅटिन भाषेत ‘बुर्गुस’ म्हणत. मूठभर सैनिक तेथे राहत, नदीपलीकडे नजर ठेवत, रस्त्याने जाणाऱ्या रसदीला संरक्षण देत आणि संकट दिसताच धुराने वा जाळाने पुढच्या चौकीला इशारा देत.

सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन याने इ. स. ३६४ ते ३७५ या आपल्या कारकिर्दीत या सीमेवर बांधकामाचा धडाकाच लावला. ऑस्ट्रियातील इब्स येथे सापडलेल्या शिलालेखात इ. स. ३७० साली लाउरिआकुमच्या सैनिकांनी अशी एक चौकी पायापासून उभारल्याची नोंद आहे. जुन्या किल्ल्यांच्या तटांना घोड्याच्या नालेच्या आकाराचे भक्कम बुरूज जोडण्यात आले. सम्राटाचा मृत्यूही या बांधकामाच्या वादातच ओढवला. क्वादी जमातीच्या मुलखात रोमने तटबंदी सुरू केल्याने ते लोक चिडले होते. इ. स. ३७५ मध्ये त्यांच्या वकिलांशी बोलताना सम्राटाचा संताप अनावर झाला आणि त्यातच त्याला झटका येऊन त्याने प्राण सोडला.

त्याच्यानंतर या सीमेवर तेवढ्या मोठ्या प्रमाणावर बांधकाम झाले नाही. पाचव्या शतकात तर शिबंदीच आटत गेली. तटाबाहेरची वस्ती भयाने तटाच्या आत आली आणि जे सैनिकी किल्ले होते, त्यांची गावे झाली. त्यांत शेतकरी, विधवा, कारागीर, धर्मगुरू आणि उरलेसुरले सैनिक दाटीवाटीने राहू लागले. भिंती रोमच्या होत्या. परंतु त्या भिंतींच्या आतल्या माणसांना विचारणारे रोममध्ये कोणी उरले नव्हते.

आपले मूळ न सांगणारा पाहुणा

हूणांचा राजा अत्तिला इ. स. ४५३ मध्ये मरण पावला. त्याच्या धाकाखाली असलेल्या जमाती मोकळ्या होऊन डॅन्यूबकाठी आपापसांत झगडू लागल्या. त्याच गोंधळात पूर्वेकडून एक संन्यासी नोरिकुम प्रांतात येऊन दाखल झाला. हेच सेव्हरिनस. ते कोठले, कोणत्या घराण्यातले, हे त्यांनी अखेरपर्यंत कोणालाही सांगितले नाही. त्यांच्या बोलण्यावरून ते लॅटिनभाषक आहेत आणि पूर्वेकडील वाळवंटातल्या तपस्व्यांमध्ये काही काळ राहून आले आहेत, एवढाच अंदाज लोकांना बांधता आला. पुढे प्रिमेनियस नावाच्या इटालियन धर्मगुरूने धीर करून त्यांना त्यांच्या जन्मभूमीविषयी विचारले. तेव्हा सेव्हरिनस यांनी प्रथम विनोदाने उत्तर दिले की, मी पळून आलेला गुलाम आहे असे वाटत असेल, तर माझ्या सुटकेचे पैसे तयार ठेवा. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितले की, देवाच्या सेवकाने स्वर्गातील मायभूमीकडे लक्ष ठेवावे, पृथ्वीवरील कुळाची मिरवणूक काढू नये.

आरंभी ते आस्तुरिस नावाच्या छोट्या गावी राहिले. शत्रू जवळ आला आहे, उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांनी स्वतःला सावरा, असे त्यांनी तेथील धर्मगुरूंना आणि लोकांना परोपरीने विनवले. कोणी ऐकले नाही. तेव्हा आपल्याला आसरा देणाऱ्या मंदिराच्या वृद्ध रखवालदाराला सावध करून ते शेजारच्या कोमागेनिस येथे निघून गेले. काही दिवसांतच तो वृद्ध धापा टाकत तेथे पोहोचला. आस्तुरिस उद्ध्वस्त झाले होते.

कोमागेनिस म्हणजे आजचे टुल्न. तेथे परिस्थिती आणखी विचित्र होती. संरक्षणासाठी करार करून आत घेतलेली परकीय शिबंदीच गावाच्या उरावर बसली होती. सेव्हरिनस यांच्या सांगण्यावरून लोकांनी तीन दिवस उपवास केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची उपासना चालू असताना भूकंप झाला. भेदरलेल्या त्या सैनिकांनी वेशी उघडायला लावल्या, बाहेर धाव घेतली आणि अंधारात आपल्यातच शत्रू समजून एकमेकांना ठार केले.

धान्य, पगार आणि शस्त्रे

यानंतर फाविआनिस या गावाने त्यांना बोलावून घेतले. आजच्या ऑस्ट्रियातील माउटर्न ते हेच. तेथे दुष्काळ पडला होता. प्रोकुला नावाच्या एका सधन विधवेने घरात बरेच धान्य दडवून ठेवले आहे, हे सेव्हरिनस यांच्या ध्यानात आले. त्यांनी भरसभेत तिची कानउघाडणी केली. थोर कुळात जन्मूनही लोभाची दासी झालीस. गरिबांना द्यायचे नसेल, तर ते धान्य आता नदीतल्या माशांना घाल, असे त्यांनी तिला सुनावले. ती ओशाळली आणि तिने कोठार उघडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत इन नदीच्या बर्फात अडकून पडलेल्या धान्याच्या नावा बर्फ वितळून अवेळी मोकळ्या झाल्या आणि रेशिया प्रांतातून गावाला येऊन लागल्या. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नावा येण्यापूर्वी गावातले कोठार उघडले होते. देवाकडे मागण्याआधी घरातले वाटून घ्यावे, हा क्रम सेव्हरिनस यांनी आयुष्यभर पाळला.

फाविआनिसच्या परिसरात एकदा लुटारूंनी तटाबाहेरची माणसे आणि गुरे पळवली. मामर्तिनुस हा तेथला सेनाधिकारी पुढे बिशप झाला. परंतु तेव्हा त्याच्याजवळ मोजके सैनिक होते आणि त्यांच्याकडे धड शस्त्रेही नव्हती. सेव्हरिनस यांनी त्याला धीर देऊन पाठलागावर पाठवले आणि पकडलेल्या लुटारूंना काही इजा न करता आपल्याकडे आणण्यास बजावले. लुटारूंचा पराभव होऊन त्यांची शस्त्रे सैनिकांच्या हाती आली. कैदी समोर आणले गेले, तेव्हा सेव्हरिनस यांनी त्यांच्या दोऱ्या सोडवल्या, त्यांना खाऊपिऊ घातले आणि पुन्हा अशा मार्गाला न लागण्याची ताकीद देऊन सोडून दिले.

रोमची सत्ता कशी संपली, याचे एक चित्र या चरित्रात आहे. त्यात कोठेही मोठी लढाई नाही. सीमेवरील सैनिकांना सरकारी खजिन्यातून पगार मिळत असे. तो थांबला आणि पलटणी विखुरल्या. सीमाही तिच्याबरोबर विरून गेली. बाताविस, म्हणजे आजचे पासाउ, येथील तुकडी तेवढी तग धरून होती. तिच्यातील काही सैनिक आपल्या सोबत्यांचा शेवटचा पगार आणण्यासाठी इटलीकडे निघाले. वाटेत शत्रूने त्यांना कापून काढले आणि त्याची वार्ताही कोणाला लागली नाही. एके दिवशी आपल्या कोठडीत वाचत बसलेले सेव्हरिनस अचानक पुस्तक मिटून रडू लागले आणि जवळच्या माणसांना त्यांनी नदीकडे धावायला सांगितले. नदी आता माणसांच्या रक्ताने माखली आहे, असे ते म्हणाले. तेवढ्यात प्रवाहाबरोबर त्या सैनिकांची प्रेते काठाला लागल्याचे वर्तमान आले. ज्यांना त्यांच्या सम्राटाने विसरून टाकले होते, त्यांच्यासाठी एका संन्याशाने अश्रू ढाळले.

‘बुर्गुम’ नावाची कोठडी

फाविआनिसजवळ सेव्हरिनस यांनी मठ स्थापन केला. परंतु गर्दीपासून दूर, एकान्तात प्रार्थना करता यावी म्हणून ते वारंवार एका जागी जाऊन राहत. ती जागा गावापासून एक रोमन मैल, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर होती आणि आसपासचे लोक तिला बुर्गुम म्हणत. या नावावरून ती सैनिकांनी सोडून दिलेली जुनी चौकी असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. जेथे कधी काळी सैनिक पलीकडच्या काठावर डोळे लावून बसत, तेथे आता एक तपस्वी गुडघे टेकून बसू लागला. मात्र तेथे त्यांना फार काळ राहता येत नसे. कोणत्या ना कोणत्या गावचा निरोप येई आणि ते उठून चालू लागत.

ते नेहमी अनवाणी चालत. डॅन्यूब गोठून तिच्यावरून बैलगाड्या जाव्यात, अशा थंडीतही त्यांच्या पायांत काही नसे. सूर्यास्तापूर्वी ते सहसा अन्न घेत नसत. जमिनीवर अंथरलेल्या एका चादरीवर ते झोपत. बिशपपद स्वीकारण्याची त्यांना विनंती झाली, तेव्हा त्यांनी ती निश्चयाने नाकारली.

त्यांच्या त्या ठेंगण्या कोठडीत अनेक लोक आशीर्वादासाठी येत. इटलीच्या वाटेवरील एक उंचापुरा तरुण असाच आला. अंगावर जनावरांची साधी कातडी होती आणि छताला डोके लागू नये म्हणून तो वाकून उभा होता. लवकरच तू अनेकांना मोठमोठ्या देणग्या देशील, असे सेव्हरिनस यांनी त्याला सांगितले. त्या तरुणाचे नाव ओडोअकर. याच ओडोअकरने इ. स. ४७६ मध्ये बालसम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले आणि पश्चिमेकडील साम्राज्यावर पडदा पडला. राजा झाल्यावर त्याने जुनी आठवण ठेवून सेव्हरिनस यांना पत्र पाठवले आणि हवे ते मागण्यास सांगितले. सेव्हरिनस यांनी आंब्रोसियस नावाच्या एका हद्दपार माणसासाठी क्षमा मागितली. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही.

दशमांश आणि कैद्यांची सुटका

राज्यव्यवस्था नाहीशी झाली होती; तरीही भुकेलेल्यांना भाकर आणि उघड्यांना वस्त्र हवेच होते. सेव्हरिनस यांनी गावोगावी पत्रे आणि माणसे पाठवून पिकाचा दशमांश गरिबांसाठी देण्याची रीत घालून दिली. नोरिकुमच्या डोंगरापलीकडील भागातून कपडेही येऊ लागले. एका ऐन हिवाळ्यात माक्सिमुस नावाचा गृहस्थ काही सोबत्यांसह पाठीवर कपड्यांचे ओझे घेऊन आल्प्स पर्वत ओलांडत होता. बर्फात वाट बुजली. तेव्हा एका अस्वलाने पुढे चालत सुमारे दोनशे मैल त्यांना वाट दाखवली, असे चरित्रकार सांगतात. व्यापारी येईनासे झाल्याने तेलही दुर्मीळ झाले होते. ते मिळाले तेव्हा सेव्हरिनस यांनी लाउरिआकुमच्या गरिबांना एकत्र करून स्वतःच्या हाताने वाटले.

पकडून नेलेल्यांना सोडवणे हे त्यांचे सर्वांत आवडते काम होते. आलेमान्नी जमातीचा राजा गिबुल्ड त्यांच्या भेटीला बाताविसकडे येऊ लागला. त्याचा लवाजमा गावाला जड होईल म्हणून सेव्हरिनस स्वतः बाहेर जाऊन त्याला भेटले. त्यांच्या निर्भय बोलण्याने राजाला कापरे भरले. रोमन मुलखाची लूट थांबवावी आणि कैद्यांना सोडावे, एवढीच त्यांची मागणी होती. तिचा पाठपुरावा करायला गेलेला डीकन आमान्तियुस सुमारे सत्तर कैद्यांना घेऊन परतला.

रुगी लोकांची राणी गिसो ही आरियन पंथाची आणि स्वभावाने कठोर होती. काही रोमन माणसांना तिने गुलाम करून नदीपलीकडे नेण्याचा हुकूम दिला आणि सेव्हरिनस यांची विनवणी उर्मटपणे धुडकावली. त्याच दिवशी तिने कोंडून ठेवलेल्या सोनारांनी तिचा लहानगा मुलगा फ्रेडरिक याला पकडले आणि त्याच्या छातीला तलवार लावली. राणीचे डोळे उघडले. तिने सोनारांना मुक्त केले आणि त्या गुलामांनाही परत पाठवले.

कधी राखावे, कधी सोडावे

वरच्या अंगाची गावे आता एकामागून एक असुरक्षित होत चालली होती. येथे सेव्हरिनस यांच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. पिढ्यान् पिढ्यांचे घर, पूर्वजांच्या कबरी आणि प्रार्थनामंदिर सोडून चला, असे लोकांना सांगायचे कसे? बोयोत्रोच्या रहिवाशांनी रुगी राजाकडून व्यापाराची परवानगी मिळवून देण्याची विनंती केली. तेव्हा या गावात व्यापारी फिरकणारच नाहीत अशी वेळ आली असताना परवानगीची चिंता कशाला, असा खेदाचा प्रश्न त्यांनी केला. आजच्या क्युंझिंगच्या जागी असलेल्या क्विंतानिसच्या लोकांनी वारंवारच्या हल्ल्यांना कंटाळून घरे सोडली आणि ते बाताविसला आले. तेथे त्यांनी आणि बाताविसकरांनी मिळून एकदा शत्रूला परतवून लावले. पण विजयाच्या आनंदातच सेव्हरिनस यांनी सर्वांना लाउरिआकुमला चलण्याचा सल्ला दिला. बहुतेक जण निघाले. काहींचा पाय निघेना. मागे राहिलेल्यांपैकी काहींना थुरिंगी लोकांनी त्याच आठवड्यात ठार केले आणि उरलेल्यांना बंदिवान करून नेले.

लाउरिआकुम, आजच्या एन्स शहराचा लोर्ख भाग, ही एके काळची मोठी लष्करी छावणी होती. इ. स. ३०४ मध्ये संत फ्लोरियन यांना तेथेच एन्स नदीत बुडवून हुतात्मा करण्यात आले होते. निर्वासितांनी भरलेल्या या नगरात एका संध्याकाळी सेव्हरिनस यांनी बिशप कॉन्स्टान्शियस यांना निरोप धाडला की, आज रात्री तटावर कडक पहारा ठेवावा. हेरांनी तर शत्रू कोठेच दिसत नसल्याचे सांगितले होते. सेव्हरिनस हट्टाला पेटले आणि पहारे बसले. रात्री कोणाच्या तरी मशालीची ठिणगी पडून तटाजवळची गवताची गंजी पेटली. उजेड पडला, आरडाओरडा झाला. जंगलात दबा धरून बसलेल्या शत्रूला वाटले की आपला सुगावा लागला आणि तो जागचा हलला नाही. सकाळी त्याने नगराला वेढा घातला; परंतु खाण्यासारखे काही हाती न लागल्याने एका गृहस्थाची गुरे हाकत तो निघून गेला. मागाहून नागरिक बाहेर पडले, तेव्हा तटावर चढण्यासाठी आणलेल्या शिड्या त्यांना तेथे सापडल्या.

तट राखण्याचा आग्रह धरणारे सेव्हरिनस आणि तट सोडायला सांगणारे सेव्हरिनस एकच होते. दोन्ही वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे माणसे होती. पुढे रुगी राजा फेलेथेउस सैन्य घेऊन लाउरिआकुमच्या लोकांना आपल्या ताब्यातील गावांत हलवण्यासाठी आला. लोक घाबरले. सेव्हरिनस रात्रभर चालत गेले आणि पहाटे वीस मैलांवर त्याला सामोरे झाले. या लोकांना तुझ्या शस्त्रांच्या धाकाने नको, माझ्या शब्दावर येऊ दे, असे त्यांनी राजाला पटवले. रक्त न सांडता स्थलांतर झाले. फाविआनिस आणि शेजारच्या गावांत लोकांना आश्रय मिळाला.

अखेर आणि अखेरचा प्रवास

आपला अंत जवळ आल्याचे त्यांनी ओळखले, तेव्हा राजाला आणि गिसो राणीला बोलावले. राजाच्या छातीकडे बोट दाखवून त्यांनी राणीला विचारले की, तुला हा जीव अधिक प्रिय की सोने-चांदी? तिने पतीलाच पसंती दिली. मग निरपराध लोकांना छळणे थांबव, असे त्यांनी तिला बजावले. या प्रदेशातील सर्व लोकांना एक दिवस येथून निघावे लागेल, असे ते मठवासीयांना वारंवार सांगत. कुलपती योसेफाच्या अस्थी जशा इस्राएल लोकांनी मिसरातून नेल्या, तशी माझी हाडेही सोबत न्या, असे त्यांनी सांगून ठेवले.

५ जानेवारी रोजी त्यांच्या बरगडीत कळ येऊ लागली. इ. स. ४८२ मध्ये ८ जानेवारी रोजी त्यांनी प्रत्येक बंधूला जवळ घेऊन निरोप दिला, ख्रिस्तप्रसाद स्वीकारला आणि कोणी रडू नये, तर स्तोत्र गावे अशी इच्छा सांगितली. दुःखाने बंधूंचा कंठ फुटेना. तेव्हा शेवटचे, १५० वे स्तोत्र त्यांनी स्वतःच सुरू केले. बंधूंनी कसाबसा प्रतिसाद दिला आणि त्या गायनातच त्यांनी प्रभूमध्ये चिरविश्रांती घेतली.

इ. स. ४८७ मध्ये ओडोअकरने रुगी सत्तेचा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी नदीकाठच्या रोमन रहिवाशांना इटलीत येण्याचा हुकूम सोडला. त्या लांबलचक तांड्याबरोबर एका गाडीत सेव्हरिनस यांचा देह होता. तो प्रथम इटलीतील मोंते फेल्त्रो येथे राहिला आणि नंतर, परमगुरुस्वामी गेलासियुस यांच्या काळात, नेपल्सजवळील लुकुल्लानुम या गढीत त्याला विसावा मिळाला. योगायोग असा की, ओडोअकरने पदच्युत केलेल्या रोम्युलस ऑगस्टुलसला याच गढीत राहायला पाठवले होते. पुढे इ. स. ९०२ मध्ये तो देह नेपल्स शहरातील मठात आणि १८०७ मध्ये जवळच्या फ्रात्तामाज्जोरे गावी नेण्यात आला.

लुकुल्लानुमच्या मठाचे प्रमुख युजिप्पियस यांनी इ. स. ५११ मध्ये सेव्हरिनस यांचे चरित्र लिहून रोमचे डीकन पास्कासियुस यांच्याकडे पाठवले. त्या ४६ छोट्या प्रकरणांमुळेच आपल्याला आज साम्राज्याच्या त्या काठावरच्या माणसांची सुखदुःखे कळतात. शिलालेखांत बांधणाऱ्यांची नावे असतात. भिंतीआड उपाशी राहणाऱ्यांची नावे या चरित्रात आहेत.

डॅन्यूबकाठच्या या अवशेषांचा पश्चिम भाग २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केला. माउटर्नचा तट, टुल्नचा नालेच्या आकाराचा बुरूज आणि वाखाउ खोऱ्यातील बाखार्न्सडोर्फची चौकी प्रवाशांना आजही पाहता येते. सेव्हरिनस यांनी ज्यांची सेवा केली, त्यांपैकी कित्येक गावे त्यांच्या हयातीतच ओस पडली. तरीही त्यांचे जीवन अपयशी ठरले नाही. जी माणसे त्यांच्या स्वाधीन होती, त्यांना त्यांनी उपाशी ठेवले नाही, शत्रूच्या तोंडी दिले नाही आणि खोट्या आशेवरही झुलवले नाही. आपल्या घराचा, गावाचा किंवा धर्मग्रामाचा एखादा भक्कम आधार ढासळताना दिसतो, तेव्हा आपण बहुधा दुरुस्तीला कोण येणार याची वाट पाहत बसतो. सेव्हरिनस यांनी वाट पाहिली नाही. सैनिक निघून गेलेल्या चौकीत ते जाऊन बसले आणि त्यांनी पहारा सुरू केला. त्यांच्या सणाच्या दिवशी आपल्या आसपासची अशी एखादी रिकामी चौकी आपल्याला दिसावी, एवढीच प्रार्थना.